पेशींचा आकडा आणि रक्ताची साक्ष

पावसाळा सरत आला की आपल्या शहरांतून डेंग्यू डोके वर काढतो आणि त्याच्या पाठोपाठ एक प्रश्न घरोघर फिरू लागतो : ‘पेशी किती झाल्या?’ येथे पेशी म्हणजे प्लेटलेट्स. निरोगी रक्ताच्या एका घनमिलिमीटरमध्ये त्या दीड ते साडेचार लाख असतात. या ज्वरात त्या लाखाखाली, प्रसंगी वीस हजारांखाली उतरतात. मग रक्तपेढ्यांकडे धावाधाव होते, पपईच्या पानांचा रस काढला जातो. आम्ही काही वर्षे मास्तरकी केली आहे. प्रगतिपुस्तकातील एकच आकडा पाहून मुलाचे भवितव्य ठरविणारे पालक आम्ही पुष्कळ पाहिले. रक्ताच्या अहवालाचे वाचनही आज तसेच चालले आहे. फरक इतकाच की, येथे चूक प्राणाशी येते.

डेंग्यूत मनुष्य दगावतो तो बहुधा केवळ पेशी उतरल्याने नव्हे. आजाराच्या साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवशी, ताप उतरू लागतो नेमक्या त्याच सुमारास, काही रुग्णांच्या केशवाहिन्या झिरपू लागतात. रक्तातील द्रव छातीच्या व पोटाच्या पोकळीत जातो, उरलेले रक्त दाट होते, नाडी क्षीण होते, हातपाय गार पडतात. ताप गेला म्हणून घरची मंडळी सुटकेचा निःश्वास टाकीत असतात, तीच ही घटका! या गळतीची वर्दी देणारा आकडा त्याच अहवालात छापलेला असतो. त्याचे नाव हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातील तांबड्या पेशींचे शेकडा प्रमाण. प्लेटलेट्स झपाट्याने उतरत असता हिमॅटोक्रिट चढत असेल, तर ते धोक्याचे लक्षण होय, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ च्या मार्गदर्शिकेत स्पष्ट सांगितले आहे.

परंतु हा आकडाही एकटा पाहून भागत नाही. रुग्णाच्या मूळ प्रमाणापेक्षा तो एक-पंचमांशाने वाढला की गळती गंभीर समजतात. मूळ प्रमाण ४० असेल तर ४८. आता आपल्याकडील स्त्रियांची स्थिती पाहा. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. जिचे मूळ प्रमाणच ३२ आहे, तिचे रक्त दाट होऊन ३९ झाले तरी छापील मर्यादेत ते ‘योग्य’ ठरते. प्रयोगशाळेच्या कागदावर तांबडी खूण उमटत नाही, आणि बाई मात्र संकटाच्या उंबरठ्यावर उभी असते! पहिल्या दिवसाचा अहवाल हाताशी असल्याखेरीज हे कोणाच्या ध्यानात यावे?

प्लेटलेट्स चढविण्याच्या आग्रहाविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. सिंगापूर व मलेशियातील पाच रुग्णालयांत ३७२ प्रौढ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. पेशी वीस हजार वा त्याहून कमी असूनही, केवळ खबरदारी म्हणून प्लेटलेट्स दिल्याने रक्तस्राव टळला नाही. अपाय मात्र अधिक झाले. रक्तस्राव नसेल तर दहा हजारांच्या वर त्या देऊ नयेत, अशीच आपल्या राष्ट्रीय मार्गदर्शिकेचीही दिशा आहे. तरीही नातलगांच्या दडपणापुढे डॉक्टर नमतात. त्यांस सर्वस्वी दोष देणे आम्हांस उचित वाटत नाही. खाटेभोवती जमलेल्या दहा माणसांना शास्त्र समजावीत बसणे सोपे नव्हे.

खरा उपचार शिरेतून मोजून दिलेल्या द्रवाचा, आणि तोही वेळीच आवरण्याचा. कारण एक-दोन दिवसांत झिरपलेला द्रव रक्तात परत येऊ लागतो. तेव्हाही सलाइन चालूच ठेवले तर फुप्फुसांत पाणी साचते. त्या वेळी हिमॅटोक्रिट उतरतो. पण आत कोठे रक्तस्राव होत असला तरीही तो उतरतोच. हा भेद यंत्र सांगत नाही. नाडी, रक्तदाब आणि लघवीचे प्रमाण पाहणारा जाणता डॉक्टरच तो सांगू शकतो.

म्हणून नगरपालिकांच्या दवाखान्यांकडे आमची मागणी मोठ्या खर्चाची नाही. साथीच्या दिवसांत तापाच्या रुग्णाचे रक्त पहिल्याच भेटीत तपासावे आणि रोजचे हिमॅटोक्रिट व प्लेटलेट्स एकाच कार्डावर शेजारी शेजारी लिहून ते कार्ड रुग्णाच्या हाती द्यावे. ताप उतरल्यावरही दोन दिवस त्यास तपासणीसाठी बोलवावे. पोटात दुखणे, सतत वांती, हिरड्यांतून रक्त, ग्लानी यांपैकी काही दिसताच कोणत्या रुग्णालयात जावयाचे, हे त्या कार्डाच्या पाठीवर मराठीत छापलेले असावे.