कोनशिलेच्या आधी

पुण्यात मुळा-मुठेच्या संगमाजवळ उभी असलेली अभियांत्रिकी महाविद्यालयाची जुनी दगडी इमारत ही आता एक आख्यायिका होऊन बसली आहे. तिचा इतिहास सांगण्याची रीतही ठरून गेलेली आहे. १८६५ साली मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनी कोनशिला बसवली, डब्ल्यू. एस. हॉवर्ड यांनी आराखडा केला, कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी देणगी दिली, आणि महाराष्ट्रात आधुनिक स्थापत्यविद्येचा अरुणोदय झाला. स्मरणिकांतून, रविवारच्या पुरवण्यांतून आणि (खेदाने नमूद करावे लागते) मराठीच्या प्राध्यापकांच्या व्याख्यानांतूनही हेच कथन ऐकू येते. पहिल्या तीन विधानांना आमचा आक्षेप नाही. चौथे मात्र असत्य आहे, आणि साहित्याचा अभ्यास करणाऱ्यांनी ते निमूटपणे खपवून घ्यावे, याचे आम्हाला नवल वाटते.

इमारतीच्या अकरा वर्षे आधी, जुलै १८५४ मध्ये, ‘पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’ सुरू झाले होते. त्याचे प्रयोजन अगदी व्यावहारिक होते. रस्ते, पूल, धरणे, कालवे यांच्या कामांवर सरकारला कनिष्ठ दर्जाचे जाणकार नोकर हवे होते. ‘ज्ञानमंदिर’ वगैरे शब्द फार नंतरचे. पुढे १८६६ मध्ये मुंबई विद्यापीठाशी संलग्नता आली, १८८० मध्ये ‘कॉलेज ऑफ सायन्स’ हे नाव आले, १९११ मध्ये ते जाऊन अभियांत्रिकीचे नाव आले, २०२२ मध्ये संस्था स्वतःच विद्यापीठ झाली. ही नामावली कोणत्याही स्मरणिकेत मिळते, म्हणून येथे लांबवत नाही.

स्मरणिकेत जे मिळत नाही, त्यासाठी आणखी तीस वर्षे मागे जावे लागते, आणि पुण्याहून मुंबईला. १८२३च्या सुमारास कॅप्टन जॉर्ज जर्विस या लष्करी इंजिनिअरच्या देखरेखीखाली मुंबईत ‘इंजिनिअर इन्स्टिट्यूशन’ सुरू झाली. मराठीत तिचा उल्लेख ‘गणित शिल्पविद्यालय’ असा होतो. तेथे देशी विद्यार्थ्यांना मराठीतून व गुजराथीतून गणित, भूमिती आणि मोजणी शिकवली जात असे. त्यासाठी पुस्तके नव्हती, म्हणून ती तयार केली गेली. जर्विस व जगन्नाथशास्त्री क्रमवंत यांनी मिळून सिद्ध केलेली ‘शिक्षामाला’ हे त्यांतले मोठे काम. संस्था फार काळ टिकली नाही. परंतु संगमावरच्या इमारतीचा पहिला चिरा बसण्यापूर्वी चार दशके, स्थापत्यासाठी लागणारे गणित मराठीत शिकवले जात होते आणि छापलेही जात होते, ही वस्तुस्थिती आहे. मोल्सवर्थचा कोशही तेव्हा प्रसिद्ध झालेला नव्हता, तो १८३१चा.

मग ही परंपरा त्या इमारतीपर्यंत का पोचली नाही? ती आपोआप सुकली, असे सुचवणे सोयीचे असले तरी खरे नाही. १८४०च्या दशकात मुंबईच्या बोर्ड ऑफ एज्युकेशनमध्ये माध्यमाचा जो वाद झाला, त्यात अध्यक्ष सर अर्स्किन पेरी हे न्यायाधीश इंग्रजीच्या बाजूने होते, तर देशी भाषांच्या बाजूने जगन्नाथ शंकरशेट यांच्यासह देशी सभासद आणि त्यांच्याबरोबर तोच जर्विस उभा होता. म्हणजे ज्याने प्रत्यक्ष गणित शिकवले होते तो मराठीतून ते शिकवता येते असे सांगत होता, आणि ज्याने कधी शिकवले नव्हते तो ते अशक्य ठरवत होता. उच्च शिक्षणात कोणाचा पक्ष तरला, हे सांगायला नको. संलग्नतेबरोबर संगमावरच्या वर्गात जी विद्यापीठीय परीक्षा आली, तिची भाषा इंग्रजी होती. त्या विद्यापीठात मराठी वाङ्मयाला जागा मिळावी म्हणून न्यायमूर्ती रानड्यांना आयुष्याच्या अखेरीपर्यंत खटपट करावी लागली. तेथे मराठीतल्या त्रिकोणमितीची काय कथा!

दगडी बांधकामांवर मात्र मराठी होतीच. ओळंबा, गुण्या, थापी, गिलावा, परांची, घडीव चिरा हे शब्द कोणत्याही परिभाषा समितीने घडवलेले नाहीत. नकाशा एका भाषेत आणि परांची दुसऱ्या भाषेत, ही फारकत त्या इमारतीने निर्माण केली नसेल, पण तिला पदवीची प्रतिष्ठा तिथे मिळाली.

या फारकतीचा जबर साक्षीदार आपल्याच अभ्यासक्रमात आहे. स्वतः सरकारी बांधकामांची कंत्राटे घेणाऱ्या जोतीराव फुल्यांनी १८७३च्या ‘गुलामगिरी’त इंजिनीर खात्यातील ब्राह्मण कामगारांवर पोवाडा घातला आहे. (तेथे ‘कामगार’ म्हणजे अंमलदार, विद्यार्थी हमखास चुकतात.) आपण तो जातिविरोधी वाङ्मयाचा नमुना म्हणून शिकवतो, आणि ते योग्यच आहे. परंतु इंजिनिअरिंगचे शिक्षण कोणापर्यंत पोचले आणि त्या खात्याचे कागद कोणाच्या हाती राहिले, याविषयी त्या काळी मराठीत लिहिली गेलेली ही टीका आहे, असे कोणी सांगत नाही. इमारतीच्या गौरवग्रंथाला ती परकी, आणि वाङ्मयेतिहासाला खात्याचा तपशील परका.

आमचा खरा रोष येथेच आहे. अव्वल इंग्रजी काळातील गद्याचा विचार करताना आपण शालोपयोगी पुस्तकांना दोन ओळींत वाटेला लावतो. ती भाषांतरे आहेत, रुक्ष आहेत, असे कारण दिले जाते. ‘निबंधमाला’ प्रत्येकाला ठाऊक. ‘शिक्षामाला’ ग्रंथालयात मागून पाहा. वास्तविक एखादी सिद्धता पायरीपायरीने मांडायची, ‘जर’ला ‘तर’ने बांधायचे, विशेषणावाचून वाक्य पूर्ण करायचे, ही शिस्त मराठी गद्याला लावण्यात अशा पुस्तकांचा वाटा आहे. चिपळूणकरांच्या वाक्याचा डौल आम्हालाही मोहवतो, पण पूल डौलावर उभा राहत नाही.

२०२१ साली अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने प्रादेशिक भाषांतून अभियांत्रिकी पदवीचे शिक्षण देण्यास मुभा दिली, तेव्हा दोन्ही बाजूंचे अज्ञान एकदमच उघडे पडले. एक पक्ष म्हणाला, हे प्रथमच घडते आहे. दुसरा म्हणाला, हे घडूच शकत नाही. दोघांनाही जर्विस ठाऊक नव्हता. ज्यांनी तो ठाऊक करून द्यायचा ते मराठीचे विभाग त्या वेळी गप्प होते.

पदव्युत्तर अभ्यासक्रमात एकोणिसाव्या शतकातील गद्याचे वेचे नेमताना ‘शिक्षामाले’ची दहा पाने आणि फुल्यांचा तो पोवाडा एकापुढे एक लावावेत, अशी आमची सूचना आहे. अभ्यासमंडळांच्या पुढच्या बैठकीत ती मांडण्यास कोणाची हरकत असेल, तर त्यांनी ती कारणांसह मराठीतून लेखी द्यावी.