बाटलीचा रुपया अडला कुठे?

खर्ड्यातल्या पन्नाशीच्या कुणालाही विचारावं. गोटी सोडा दुकानाच्या फळीपाशी उभं राहून प्यायचा. बाटली घरी न्यायची तर आधी अनामत ठेवायची; फुटली की पैसे बुडाले. गाव तेव्हा निसर्गप्रेमी होतं अशातला भाग नाही. रिकाम्या बाटलीला मोल होतं, म्हणून ती गटारात जात नव्हती.

प्लॅस्टिक आलं आणि बाटली परत नेण्याचं ओझं कंपनीच्या पाठीवरून उतरलं. नफा कंपनीच्या गल्ल्यात, कचरा ग्रामपंचायतीच्या घंटागाडीत!

२३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेत राज्य सरकारने यावर उपाय लिहून ठेवला होता. पेट बाटली परत केली की ग्राहकाला पैसे मिळणार: मोठीला १ रुपया, लहानीला २. दुधाच्या पिशवीला ५० पैसे. लहानीला जास्त, हे विचित्र वाटेल. पण भंगारवाला वजनावर घेतो आणि हलकी बाटली वेचायला कुणी वाकत नाही. म्हणजे लिहिणाऱ्याला बाजार कळत होता. पुढे पिशव्यांवर छापे पडले, दंड झाले, हातगाडीवाले धारेवर धरले गेले. ग्राहकाचा रुपया मात्र दुकानाच्या फळीपर्यंत पोहोचलाच नाही.

कागदावरच्या वसुलीचा अनुभव खर्ड्याला जुना आहे. १७९५ च्या लढाईत हरलेल्या निजामाने कबूल केलेली रक्कमही मराठ्यांच्या हाती पुरती आली नव्हती.

‘आपल्याकडे हे जमायचं नाही’ असं म्हणणाऱ्यांनी तमिळनाडूतल्या निलगिरी जिल्ह्याकडे पाहावं. फुटक्या काचांनी रानातले हत्ती जखमी होऊ लागले, तेव्हा मद्रास उच्च न्यायालयाने सरकारचा कान धरला. २०२२ पासून तिथल्या सरकारी दारूदुकानांत बाटलीमागे १० रुपये जादा घेतात आणि रिकामी बाटली आणली की परत देतात. गोव्यानेही २०२४ मध्ये अनामत योजना अधिसूचित केली. जर्मनीत तर २००३ पासून सक्ती आहे. आज तिथे बहुतेक बाटल्या-डब्यांवर २५ सेंट अनामत असते.

दुकानदार कुरकुरेल, आणि त्यात चूक नाही. बाटल्या ठेवायला जागा लागते, हिशेब वाढतो. तो खर्च कंपनीने सोसावा, दर बाटलीमागे दुकानदाराला हाताळणीचा मोबदला द्यावा. आणि आजच्या महागाईत १ रुपयाही पुरायचा नाही. दारूच्या काचेच्या बाटलीला निलगिरीइतकेच १० हवेत.

खर्ड्याच्या ग्रामसभेने एवढा ठराव करून जामखेडच्या तहसील कार्यालयात द्यावा, आणि पोच घ्यायला विसरू नये.