विश्लेषण : डॉक्टरला थांबवण्याचा अधिकार परिचारिकेला का हवा?

अतिदक्षता विभागात रुग्णाच्या मोठ्या रक्तवाहिनीत ‘सेंट्रल लाइन’ ही नळी घातली जाते. तिच्यातून जंतू रक्तात शिरले तर जिवावर बेतते. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाचे डॉ. पीटर प्रोनोवोस्ट यांनी २००१ मध्ये त्यासाठी पाच पायऱ्यांची यादी केली : हात धुणे, क्लोरहेक्सिडिनने त्वचा स्वच्छ करणे, मास्क-गाऊन-हातमोजे घालून रुग्णाला निर्जंतुक कापडाने पूर्ण झाकणे, शक्यतो जांघेतून नळी न घालणे आणि गरज संपताच ती काढणे.

डॉक्टरांना हे सारे ठाऊकच होते. तरीही परिचारिकांनी महिनाभर नोंद ठेवली, तेव्हा एक तृतीयांशहून अधिक रुग्णांबाबत एखादी तरी पायरी सुटल्याचे दिसले. मग प्रशासनाने पायरी चुकवणाऱ्या डॉक्टरला थांबवण्याचा अधिकार परिचारिकांना दिला. पुढे मिशिगन राज्यातील १०० हून अधिक अतिदक्षता विभागांत ही पद्धत राबवल्यावर दीड वर्षात असा संसर्ग ६६ टक्क्यांपर्यंत घटला.

आपल्याकडेही यादी भिंतीवर लावणे सोपे आहे. पण ‘सर, हात धुवायचे राहिले,’ असे म्हणणाऱ्या सिस्टरच्या पाठीशी प्रशासन उभे राहील का? तसे होणार नसेल, तर ती यादी नुसता कागदच ठरेल.