अंतिम सामन्याचं तिकीट कोणाचं?

२ एप्रिल २०११ ला वानखेडेवर विश्वचषकाचा अंतिम सामना झाला, तेव्हा सुमारे तेहतीस हजार आसनांपैकी सर्वसामान्यांसाठी विक्रीला आली फक्त चार हजार तिकिटं. उरलेली क्रिकेट संघटनेशी संलग्न क्लब, तिचे सदस्य, आयसीसी आणि पाहुण्यांकडे गेली. श्रीवर्धन तालुक्यातल्या दिवेआगरच्या पुळणीवर टेनिस बॉलने खेळणाऱ्या पोरांना दिघीच्या जेट्टीवरून खाडी ओलांडून मुंबई गाठता येते, पण त्या वाटणीत त्यांना जागाच नव्हती. क्लबमार्फत तिकीट देण्यात मुळात वाईट काही नाही. आयर्लंडमध्ये गेलिक या तिथल्या पारंपरिक मैदानी खेळांच्या अंतिम सामन्याची तिकिटंही मुख्यतः जिल्हा मंडळं आणि गावोगावच्या क्लबांतूनच वाटली जातात, म्हणजे मैदान आखणाऱ्या, मुलांना शिकवणाऱ्या माणसापर्यंत ती पोचू शकतात. शिवाय तिथे २०२१ च्या कायद्याने मोठ्या कार्यक्रमांचं तिकीट छापील किमतीपेक्षा जास्त दराने पुन्हा विकणं गुन्हा ठरवलं आहे. आपल्याकडे कोल्डप्ले या बँडच्या नवी मुंबईतल्या कार्यक्रमाआधी ऑनलाइन काळ्याबाजाराविरुद्धची जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये फेटाळली. कायदा करणं हे विधिमंडळाचं काम, असं सांगून. मग विधिमंडळाने तो करावा. आणि क्रिकेट संघटनांनी कोणाला किती तिकिटं दिली याची यादी सामन्याआधी जाहीर करावी, त्यात तालुक्यातल्या खेळाडूंचा वाटा ठरवून द्यावा. श्रीवर्धन तालुक्याला दहा तिकिटं मिळाली, तरी ती चिठ्ठ्या टाकून चावडीवर सगळ्यांसमोर वाटता येतील.