तारेचे रसग्रहण
लोणावळ्याच्या काचबंद बंगल्यात महागड्या केबलमुळे स्वर ‘उबदार’ झाला असे सांगितले जाते, तेव्हा प्रश्न रसिकतेचा नसतो, प्रामाण्याचा असतो. २.५ चौरस मिलिमीटर जाडीच्या, ५ मीटर लांब तांब्याच्या जोडतारेचा जाण्यायेण्याचा रोध सुमारे ०.०७ ओहम; ८ ओहमच्या स्पीकरपुढे तो १ टक्काही नाही. अ‍ॅम्प्लिफायरांची तुलनाही आवाजाची पातळी समान राखून, नावे झाकूनच व्हावी. आय. ए. रिचर्ड्‌स यांनी कवींची नावे झाकून विद्यार्थ्यांपुढे कविता ठेवल्या. त्यातून ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ (१९२९) घडले. आपण मात्र आधी किंमत वाचतो, मग विशेषणे शोधतो. याच मावळात कार्ल्याचे चैत्यगृह आहे. तेथे एक शब्द उच्चारून पाहावा. ध्वनीला वास्तू घडवते, हे तार न जोडताही कळते.