भराव पडण्याआधी कागद मागा!
भिवंडीकरांना जाहीर आवाहन

५ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने औद्योगिक शेड, शाळा, महाविद्यालये आणि वसतिगृहांना पर्यावरण मंजुरीतून दिलेली सूट रद्द केली. केंद्राने त्याच वर्षी २९ जानेवारीला दिलेली ही सवलत मुंबईच्या ‘वनशक्ती’ संस्थेने न्यायालयात हाणून पाडली. गोदामांच्या भिवंडीत हा निकाल टपरीटपरीवर गाजायला हवा होता. गाजला नाही.

काल्हेर, राहनाळ, पूर्णा, वळ या पट्ट्यात भातखाचरांच्या जागी गोदामांची पत्र्याची छपरं आली. भरावाने अडवलेलं पाणी मग घरांत शिरतं, आणि दोष मात्र कामवारी नदीला!

केंद्राच्या १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेनुसार २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या बांधकामाला पर्यावरणाची पूर्वमंजुरी लागते. पूर्व म्हणजे पहिली कुदळ पडण्याआधी. आणि बांधकाम प्रकल्पांना जनसुनावणीच नाही, त्यामुळे दवंडी पिटायला कोणी येणार नाही.

‘आधी बांधा, कागद नंतर’ या सवयीची किंमत भिवंडीने मोजली आहे. २१ सप्टेंबर २०२० ला पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत कोसळून किमान ३८ माणसं गेली. २९ एप्रिल २०२३ ला वळमध्ये गोदाम असलेली इमारत पडली, आठ जण दगावले. ‘इमारती पडणं वेगळं, पर्यावरण मंजुरी वेगळी’ म्हणणाऱ्यांनी खुशाल म्हणावं. बेफिकिरी तीच आहे.

‘रोजगार बुडेल’ ही ओरड तर जुनीच. नाला मोकळा ठेवल्याने कुठल्या हमालाची मजुरी बुडाली?

आवाहन करणारे नागरिक कुणा पक्षाचे नाहीत, बिल्डरचे तर नाहीतच. वर्गणी नको, अर्जांवर सह्या हव्यात. प्रत्येक मोहल्ल्याने, गावाने ताबडतोब एवढं करावं:

१. भराव दिसताच गट क्रमांक टिपून तारखेसह फोटो काढावा. पर्यावरण मंजुऱ्यांच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर प्रकल्प शोधावा.
२. बांधकाम परवानगी आणि मंजुरीपत्राची प्रत शहरात महापालिकेकडे, भोवतालच्या नियोजन क्षेत्रातील गावांत एमएमआरडीएकडे मागावी. टाळाटाळ झाल्यास माहिती अधिकाराचा अर्ज टाकावा.
३. मंजुरीतल्या अटी पाळल्याचा अहवाल दरवर्षी १ जून आणि १ डिसेंबरला द्यावा लागतो. तो मागून प्रत्यक्ष जागेशी ताडून पाहावा.
४. मंजुरीविरुद्ध हरित न्यायाधिकरणात अपिलाची मुदत ३० दिवसांची आहे. खंडपीठ पुण्यात आहे. ‘बघू’ म्हणत दिवस घालवू नयेत.

पाणी दारात आल्यावर नगरसेवकाला फोन करणाऱ्यांनी या वेळी एक अर्ज आधी लिहावा. या आठवड्यात, आपल्याच गल्लीतून.