विश्लेषण : यंत्रणेची विश्वासार्हता केवळ प्रमाणपत्रावर टिकत नाही

नवी दिल्ली : ओडिशातील बालासोर जिल्ह्यात बहनगा बाजार स्थानकाजवळ 2 जून 2023 रोजी झालेल्या रेल्वे अपघातात 290हून अधिक प्रवाशांना प्राण गमवावे लागले. शालीमारहून चेन्नईकडे ताशी सुमारे 128 किलोमीटर वेगाने निघालेल्या कोरोमंडल एक्सप्रेसला मुख्य मार्गाचा हिरवा सिग्नल मिळाला होता. सांधा मात्र लूप मार्गाकडे वळलेला होता आणि तेथे लोहखनिजाने भरलेली मालगाडी उभी होती.

सिग्नल एक सांगतो आणि रूळ दुसरीकडे नेतो, ही विसंगती टाळण्यासाठीच इंटरलॉकिंग यंत्रणा असते. सांधा योग्य स्थितीत आल्याची विद्युत खूण मिळाल्याशिवाय ती सिग्नल हिरवा होऊ देत नाही. संगणकीय आज्ञा आणि लोखंडी रुळांची हालचाल यांना एकत्र बांधणाऱ्या अशा यंत्रणांना सायबर-भौतिक प्रणाली म्हणतात. देशातील 6 हजारांहून अधिक रेल्वे स्थानके आज विद्युत वा इलेक्ट्रॉनिक इंटरलॉकिंगवर चालतात.

रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत या अपघाताचे मूळ सिग्नलच्या मंडलात पूर्वी केलेल्या सदोष बदलात, तसेच फाटक क्रमांक 94 वरील विद्युत अडथळा बदलण्याच्या कामातील त्रुटींत आढळले. सांधा वळलेला असतानाही यंत्रणेला तो सरळ असल्याची खूण मिळत राहिली. तिचे तर्कशास्त्र चुकले नव्हते. तिला मिळालेली माहितीच खोटी होती.

प्रश्न येथेच गंभीर होतो. अशा यंत्रणांची गुणवत्ता सहसा कारखान्यात आणि प्रयोगशाळेत तपासली जाते. ‘कवच’ या स्वदेशी रेल्वे संरक्षण प्रणालीला सर्वोच्च, म्हणजे चौथ्या स्तराचे सुरक्षा प्रमाणपत्र आहे. या स्तरावर धोकादायक बिघाडाची शक्यता सुमारे 10 हजार वर्षांत एकदा, इतकी अल्प मानली जाते. परंतु हे गणित उपकरणाचे असते. देखभालीच्या वेळी बदललेली तार, अद्ययावत न केलेला नकाशा किंवा चुकीचे नाव लिहिलेला जोड या गणितात येत नाही. ‘कवच’देखील सिग्नलची स्थिती इंटरलॉकिंगकडूनच घेते. पाया सदोष असेल, तर वरचा मजला कितीही भक्कम असून उपयोग नाही.

पूर्वसूचना मिळाल्या नव्हत्या, असेही नाही. 16 मे 2022 रोजी खडगपूर विभागातील बांकडा नयाबाज स्थानकात चुकीच्या तारजोडणीमुळे अशाच स्वरूपाची घटना घडली होती. तिची दखल घेऊन वेळीच उपाय झाले असते, तर बहनगा बाजारचा अपघात टळला असता, असे चौकशी अहवालात नमूद आहे. 8 फेब्रुवारी 2023 रोजी कर्नाटकातील होसदुर्ग रोड स्थानकातही सिग्नल आणि सांधा यांत विसंगती आढळली होती; लोको पायलटच्या प्रसंगावधानामुळे ती गाडी वाचली.

अहवालातील शिफारशी खर्चिक नाहीत. मंडलातील प्रत्येक बदल मंजूर नकाशानुसार आणि अधिकाऱ्याच्या उपस्थितीत व्हावा. काम करणाऱ्यांऐवजी स्वतंत्र पथकाने चाचणी घेतल्यानंतरच यंत्रणा पुन्हा सुरू करावी. प्रत्येक स्थानकातील नकाशे प्रत्यक्ष तारजोडणीशी ताडून पाहावेत. अडचण आहे ती वेळेची. गाड्या खोळंबल्या असताना चाचणीसाठी लागणारी मिनिटे प्रत्येकाला जड वाटतात आणि घाई तेथूनच शिरकाव करते.

मेट्रो, वीजवाहिन्यांचे जाळे, रुग्णालयांतील उपकरणे असे देशाचे दैनंदिन जीवन झपाट्याने अशा प्रणालींच्या हाती जात आहे. त्या सर्वांना बहनगा बाजारचा धडा लागू आहे. विश्वासार्हता एकदाच विकत घेता येत नाही. प्रत्येक दुरुस्तीनंतर ती नव्याने सिद्ध करावी लागते. अपघात होता होता टळला की सुटकेचा निःश्वास टाकून फाइल बंद करायची, की तिलाच पुढील अपघाताची नोटीस मानायचे, यावर प्रवाशांची सुरक्षितता अवलंबून राहील.